जामीन कोण राहणार?

माझ्या भावाला जामीन मंजूर झाला त्या दिवशी अब्बांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले. भाऊ मात्र घरी आला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, पुढच्या महिन्यातही नाही.

भाऊ लोणावळ्यात प्लंबिंगची कामं करायचा. वलवणच्या एका बंगल्यावर त्यानं पाण्याची मोटर दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी त्या बंगल्यातून दागिने गेल्याची तक्रार झाली. आदल्या दिवशी बाहेरचं माणूस कोण आलं होतं, तर हा. पोलीस अब्बांच्या गाद्यांच्या दुकानावरून त्याला घेऊन गेले. त्याच्याकडे काही सापडलं नाही, पण अटक व्हायची ती झालीच.

मोफत विधी सेवेतून आम्हाला एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी जामीन मिळवून दिला आणि कोर्टाबाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं. "ऑर्डर झाली, पण स्थानिक जामीनदार द्यावा लागेल. स्वतःच्या नावावर सातबारा असलेला. असं कोण आहे तुमचं?"

असं आमचं कुणीच नव्हतं. आमच्या चार पिढ्या लोणावळ्यात गेल्या. आजोबा गाद्या भरायचे, अब्बाही हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या गाद्या भरतात. अर्धं गाव आमच्या गाद्यांवर झोपतं, पण जमीन कधी कुणाच्या नावावर झाली नाही. नातेवाईक तसेच, भाड्याच्या खोल्यांतले.

अब्बा ओळखीच्या लोकांकडे गेले. कुणी चहा पाजला, कुणी "पोरगा चांगला आहे हो" म्हणालं, पण जामीन राहायला कुणी तयार झालं नाही. एकानं तर दारातूनच सांगितलं, "दुसरं काहीही सांगा, चोरीच्या केसमध्ये नाव नको." त्या दिवसानंतर अब्बांनी बाहेर पडणंच सोडलं. दुकानात कापूस पिंजत बसायचे आणि कुणी विचारलं तर "होईल, होईल" म्हणायचे.

मी ठरवलं, आता आपण विचारायचं. जो भेटेल त्याला, लाज न धरता.

मी तेव्हा तळेगावजवळ आंबीला एका कारखान्यात पॅकिंगला होते. सकाळी लोणावळ्याहून लोकल पकडायची, घोरावाडीला उतरायचं आणि पुढे शेअर रिक्षा. कारखान्याच्या कुंपणाला लागून एका मावशींचं शेत होतं. आम्ही चार-पाच बायका जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बांधावरच्या जांभळाखाली डबा खायला बसायचो. मावशी कधी कांद्याची पात, कधी कोवळी काकडी आणून द्यायच्या. आमची ओळख एवढीच.

त्या दुपारी डबा उघडायच्या आधीच मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी कोर्टानं सोडलंय आन तरी पोरगं आत हाय?"

"हो."

"निस्तं जमीनवाला मानूस न्हाई म्हनून?"

"हो, मावशी."

"मग माजं चालंल का? मालक गेल्यावर सातबाऱ्यावर माजं नाव लागलंय."

माझ्या डोक्यात जामीनदार म्हणजे पुरुषच होता. ज्यांच्या बांधावर रोज जेवत होते त्या स्वतःच जामीन राहू शकतील, हे मला सुचलंच नव्हतं.

त्यांच्या मुलाला हे पटलं नाही. तो बांधावर येऊन आमच्या सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, त्या पोराला तू बघितलंस तरी का कदी? उद्या त्यो पळाला, तर जमिनीवर बोजा चढंल."

मावशी खुरपं खाली ठेवून उभ्या राहिल्या. "चोरी केली का न्हाई, ते कोर्ट ठरवंल. तवर त्यानं आत का म्हनून बसायचं? जमीन हाय म्हनून आपल्या घरातलं मानूस सुटलं असतं, आन हिची न्हाई म्हनून हिचा भाऊ बसनार? ह्ये मला पटत न्हाई."

मुलगा रागानं निघून गेला. पण कोर्टाच्या दिवशी तोच मोटरसायकलवरून आईला घेऊन आला. माझ्यापासून लांब उभा राहिला.

कोर्टात कागद घेणाऱ्या कारकुनानं मावशींकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "यांचा मुलगा आलाय ना? त्यालाच जामीनदार करा. बायकांचं नंतर फार लफडं होतं."

"जमीन यांच्या नावावर आहे," मी म्हणाले.

"तरी पण. इथं असंच चालतं."

मी टेबलासमोरून हलले नाही. "बाई जामीन राहू शकत नाही असं कुठं लिहिलंय, ते दाखवा. मग आम्ही जातो."

तेवढ्यात वकीलबाई आल्या आणि कागद थेट न्यायाधीशांपुढे गेले.

न्यायाधीशांनी मावशींना विचारलं, "आरोपीला ओळखता?"

आदल्या दिवशी वकीलबाईंनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की विचारतील ते खरं सांगा. मावशी म्हणाल्या, "त्याला न्हाई वळखत, सायब. त्याच्या भनीला वळखते. रोज माज्या बांधावर जेवती."

मला वाटलं, संपलं सगळं. न्यायाधीशांनी सातबारा उलटून पाहिला.

"तो तारखेला आला नाही, तर जबाबदारी तुमच्यावर येईल. कळतंय ना?"

"व्हय. तिच्या भरवशावर घेतिया."

न्यायाधीशांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी भाऊ सुटला. घरी आल्यावर तो पोटभर जेवला. मग अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाला, "आपा, माझ्या बराकीत एक बांधकामावरचा मजूर आहे. त्याला माझ्या आधी जामीन झालाय. त्याचं इथं कुणीच नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मला वाटलं, त्याच्याकडे बघू नये."

त्या मजुरासाठी मी वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, जामीनदाराची अट बदलून वैयक्तिक बंधपत्रावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर सोडा, असा अर्ज करता येतो. पण तो माणूस कुठला, त्याच्यामागे कोण आहे, हे कुणीतरी शोधून आणायला हवं. मी म्हटलं, मी आणते. त्याच्या ठेकेदाराला गाठलं, त्याच्या दूरच्या गावच्या सरपंचांशी फोनवर बोलले, घरच्यांचा पत्ता मिळवला. पहिला अर्ज फेटाळला गेला. मी रडले नाही, मला राग आला. आम्ही जास्त माहिती जोडून पुन्हा अर्ज केला आणि दुसऱ्या वेळी तो मंजूर झाला. सुटल्यावर तो आमच्या दुकानात येऊन अब्बांना भेटला आणि रात्रीच्या गाडीनं गावी गेला. पुढच्या तारखेला एवढ्या लांबून परत हजर झाला, तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात एकटीच हसत होते.

भावाची केस बरीच वर्षं चालली. शेवटी तो निर्दोष सुटला. निकाल सांगायला मी आंबीला गेले, तर मावशी म्हणाल्या, "मग? पळाला का त्यो?" आणि मुलाकडे बघून मोठ्यानं हसल्या. वलवणचे बंगलेवाले मात्र अजून भावाला कामाला बोलावत नाहीत. तो आता तळेगावच्या सोसायट्यांमध्ये कामं करतो. निर्दोष म्हटलं म्हणजे सगळं परत मिळतं असं नाही, हे आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक आहे.

मी आता विधी स्वयंसेवक आहे. सुट्टीच्या दिवशी तुरुंगातल्या मदत केंद्रात बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच विचारते, जामीन झालाय का, आणि झाला असेल तर आत का आहात. काहींचा जामीनदार मिळतो, काहींची अट बदलून मिळते, काहींचं वर्षभर काहीच होत नाही. अब्बा म्हणतात, तू एकटी किती जणांना सोडवणार? मी त्यांना सांगते, सगळ्यांना नाही. पण गरीब म्हणून आत बसलेला माणूस माझ्यासमोर आला, तर काही होणार नाही असं सांगून मी त्याला परत पाठवणार नाही.