हार चालतो, हात नाही

जमनामावशींचं नाव आधी लिहिते. तारापूरच्या बाजूला त्यांच्या घरामागच्या खोलीत मी राहते. मावरं, म्हणजे मासळी, विकून घर चालवणारी बाई. त्या नसत्या तर मी परत देवासमोर उभी राहिले नसते.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. कंपनीत मशीनची पूजा होती. सकाळपासून आम्ही बायांनी झेंडूचे हार ओवले. त्याच पावसाळ्यात माझी आई गेली होती. तिच्या नावानं एक फूल वाहायचं होतं. रांगेत उभी राहिले. मालकीणबाईंनी माझा हात बघितला आणि फुलांचं ताट मागं ओढलं.

"अगं ए, असले हात देवीला? बाहेर थांब तू. प्रसाद पाठवते."

सुपरवायझर हसला. "राहू द्या मॅडम. ही आईच्या मातीलापण गेली नव्हती."

मी बाहेर गेले. मी ओवलेला हार आत मशीनवर होता. तो बोलला ते खरं होतं.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली. इथं रंगाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. हातमोजे फाटके, पावडर आत शिरते. मनगटापर्यंत हात लाल. साबण, रॉकेल, लिंबू, कशानंच जात नाही. घरी मात्र सांगितलं होतं, ऑफिसात बसते. आई आजारी पडली. फोनवर म्हणाली, "तोंड दाखवून जा गं." मी म्हणाले, "सुट्टी नाही." सुट्टी होती. हात लपवायला जागा नव्हती. भावकी बघेल, हसेल, एवढंच भ्यायले. आई गेली तरी इथंच राहिले.

संध्याकाळी मावशी ओट्यावर मावऱ्याची पाटी धूत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या गोड बोलल्या नाहीत.

"आयशीला फसवलंस ते वाईट केलंस. त्याला मी बरं म्हणणार नाय."

पाटी उपडी घातली. घरातल्या देवाच्या फळीकडे बोट केलं.

"माजे हाताला मावऱ्याचा वास. जल्माचा. याच हातानं रोज दिवा लावते. देवीनं एक दिस तरी नाक दाबलं काय? जा, लाव दिवा."

"मी पापी आहे, मावशी."

"मग? धुतलेल्यांचीच आय हाय काय ती?"

काडी ओढली. उजेडात बोटं आणखीच लाल दिसली. खूप रडले. माझा गुन्हा तिथंच होता. देवीपण तिथंच होती. तिनं मला टाकलं नव्हतं. तेव्हा कळलं, माझ्या गुन्ह्यासाठी मी तिच्यापुढं वाकीन. ताट मागं ओढणाऱ्यांपुढं नाही.

यंदा दसऱ्याला सुपरवायझरनं झेंडूची गोणी आणून टाकली. "चला बायांनो, सुया घ्या."

मी हात मांडीवर ठेवले. "हात आत येणार असतील तर ओवते."

"देवीची पूजा आहे बाई, युनियन नाही!"

शेजारणीची सुई थांबली. ती उठली नाही. मी एकटी उठले. त्या दिवसाचा खाडा लागला. काम राहील का, माहीत नाही.

दिवाळीला गावी जाणार आहे. हात उघडे ठेवून. वडिलांना, आबांना सांगणार, ऑफिस नव्हतं, सुट्टी होती. उंबऱ्यावरून परत पाठवलं तर पाठवोत.

आणि मावशी, पाटीखाली तुमची मान थकेल त्या दिवशी ती पाटी माझ्या डोक्यावर असेल. भर बाजारात. याच हातांनी धरलेली.