गच्चीवरची बोटभर सावली

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि ती तर त्या दुपारी गच्चीवरच होती, मुलांना ताक देत. तिच्या डोळ्यांदेखत घडलं आणि तिला दिसलं नाही. तिथे जमलेल्या एवढ्या माणसांत एकीलाच दिसलं. पण थांबा, एकदम तिथे नको. आधी आमच्या वर्गाबद्दल थोडं सांगू द्या. वर्गाबद्दल बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. तोही दोषच, पण मी आज सांगायला बसलोय तो दोष वेगळा.

आमचं घर भिंगारला. नगरच्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं एका कारखान्यात मापं तपासायच्या कामाला होतो. तयार होऊन आलेला पार्ट केसभर जरी चुकला तरी तो बाजूला काढायचा, एवढंच काम. पंचेचाळिशीत ते सोडलं आणि घरीच विज्ञानाचा वर्ग सुरू केला — शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या मुलांसाठी, दर रविवारी. नगरमध्ये अशी घरं असून असून किती असणार? पण हळूहळू कळत गेलं, येत गेली. कोणी केडगावचं, कोणी सावेडीचं, आणि एक जोडपं तर पार खर्ड्याहून दोन पोरांना घेऊन एसटीने येई. सगळ्यांत धाकटं पाच वर्षांचं, थोरला पंधराचा.

लोक विचारतात, पाच आणि पंधरा एकत्र कसे शिकतात? अहो, तीच तर मजा आहे! धाकट्यांनी अंदाज बांधायचा, मधल्यांनी मोजायचं, थोरल्यांनी कारण शोधायचं — आणि मग सगळ्यांनी मिळून भांडायचं. बंद पडलेला मिक्सर उघडायचा. सायकलच्या पंपाने बाटली उडवायची. एकदा कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर सगळ्यांत धाकटी डोळा न काढताच म्हणाली, काका, कांद्यात कुणीतरी फरशी बसवलीय. सांगा, पेशी म्हणजे काय हे याहून चांगलं कोण सांगेल? मी त्या दिवशी जेवलोसुद्धा नाही आनंदाने.

वर्गाचा नियम एकच. पुस्तकात काय आहे ते इथे कुणी विचारणार नाही. तुला काय दिसलं ते सांग. सगळ्यांना वेगळं दिसलं असलं तरी तू तुझंच सांग. हे मी दर रविवारी म्हणत असे. आजही म्हणतो.

आता ऋतुजा.

नऊ वर्षांची होती तेव्हा. दोन घट्ट वेण्या, आणि बोलण्याआधी ओठ मिटून जरा थांबायची सवय. शाळेत ती मागे पडायची ते एवढ्याचसाठी — उत्तर लिहिलं की पुन्हा तपासायची, मग पुन्हा, आणि तोवर घंटा व्हायची. बाईंनी मंद ठरवलं. तिच्या आईने, शुभांगीताईंनी, तिला तिसरीतून काढून घरी शिकवायला घेतलं. घरात कुणाला पटलं नव्हतं; सासऱ्यांना तर मुळीच नाही. ते निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना आबा म्हणत. ताई पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, तिला वेळ लागतो हो काका, पण ती जे बघते तेच बोलते. मी म्हणालो, मग ती बरोबर जागी आलीय.

असं म्हणालो होतो मी.

त्या वर्षी मे महिन्यात मी शून्य सावलीचा दिवस करायचं ठरवलं. वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली नाहीशी होते. एकदा मेमध्ये, एकदा जुलैत. जुलैतली दुपार ढगांत जाते. म्हणजे आपल्या वाट्याला येते ती एकच. विचार करा — तुम्ही उन्हात उभे आहात आणि तुमची सावली नाही! मी आठ दिवस आधीपासून मुलांना नुसता भुलवत होतो. पालकांनाही बोलावलं. नातेवाइकांना आणा म्हटलं.

आदल्या दिवशी शुभांगीताईंचा फोन आला. आबा येणार आहेत, म्हणाल्या. त्यांना एकदा बघायचंय की इथे नक्की काय चालतं. पटलं तर पोरगी घरीच शिकेल, नाहीतर जूनपासून शाळा — असं घरात ठरलं होतं. मी म्हणालो, निर्धास्त या. सावली गेल्यावर कोण हरकत घेणार?

रविवारी गच्चीवर नुसती जत्रा. फरशी तापली होती म्हणून ओली पोती अंथरलेली. पोरांनी घरून काय काय आणलेलं — पेला, बाटली, लगोरीची रास, एकाने तर देव्हाऱ्यातली समई. आणि मध्यभागी माझी मानाची वस्तू: वाळू भरलेल्या रंगाच्या डब्यात उभा केलेला, माझ्या खांद्याएवढा पाईप. छोट्या वस्तू फसवतात, उंच वस्तू खरं बोलते — हे मीच मुलांना सांगितलं होतं. ऋतुजाने सकाळीच येऊन पाईपच्या टोकाला दोरीने एक जड नट लोंबवला होता आणि पाईप सरळ उभा आहे ना ते चारही बाजूंनी पाहिलं होतं. ओळंबा कसा धरायचा, तेही माझ्याचकडून शिकलेली.

साडेबाराच्या जरा आधी. सावल्या आखडत आखडत पायांशी आलेल्या. खर्ड्याचा धाकटा कमरेतून वाकून स्वतःच्या पायांकडे बघत ओरडत होता, “काका, माझी सावली पायाखाली गेली, आता मी हलतच न्हाई, हललो तर पळून जाईल.” आबासुद्धा हसले. मोठी मुलं उलटे आकडे मोजायला लागली. मी — काय सांगू — मी त्या वेळी दहा वर्षांचा झालो होतो.

पेल्याची सावली गेली. बाटलीची गेली. समईची गेली.

पाईपची गेली नाही.

उत्तरेच्या बाजूला एक पट्टी राहिली. बोटभर. मी वाट पाहिली. ती आता सरकत होती ती पूर्वेकडे. म्हणजे माध्यान्ह टळला होता, आणि ती काही नाहीशी होणार नव्हती. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तारीख मी पुण्याच्या एका ग्रुपवरून उचलली होती. नगरला आपण पेपर पुण्याचा वाचतो, लग्नाचे मुहूर्त पुण्याचे बघतो, आणि मी सूर्यही पुण्याचा घेतला. नगर पुण्याच्या उत्तरेला. आपला दिवस अजून तीनेक दिवसांनी होता. संत्र्यावर सुया टोचून, अक्षांश बदलला की सावली बदलते, हे मुलांना शिकवणारा मी — आणि हे मी तपासलं नव्हतं.

तेव्हा काय करायला हवं होतं? तुम्हालाही माहीत आहे. म्हणायचं होतं, मुलांनो, बघा, माझं चुकलं, आता का चुकलं ते शोधू या. याहून चांगला धडा वर्गात कधी झाला नसता. ती पट्टीच त्या दिवसाचं विज्ञान होती. मला हे तेव्हाही कळत होतं. त्याच क्षणी कळत होतं.

पण सगळे माझ्याकडे बघत होते. टाळ्या हातातच होत्या.

मी पुढे झालो. पाईप जरा नीट करतो असं दाखवून हात ठेवला आणि किंचित दाबला — दक्षिणेकडे, सूर्याच्या दिशेला. वाळू ओली होती, पाईप तसाच राहिला. पट्टी गेली. मी हात वर केले आणि म्हणालो, शून्य.

काय तो गलका! पोरं उड्या मारत होती, खर्ड्याच्या त्या पोराचे वडील म्हणाले, “आयला, सावली गिळली की हो उन्हानं.” बायको ताकाचे ग्लास भरत होती. मीसुद्धा ओरडत होतो — आणि खरं सांगू? खोटं ओरडत नव्हतो. मला त्या क्षणी खरोखर आनंद झाला होता. हे मला अजून समजत नाही.

“काका, पाईप वाकडा झालाय.”

ऋतुजा. हळू आवाजात, पण ऐकू जाईल असं. ती ओळंब्याजवळ उकिडवी बसली होती. दोरी पाईपला सोडून जरा बाजूला लोंबत होती. ती म्हणाली, “मघाशी सावली होती. उत्तरेला. तुम्ही हात लावल्यावर गेली.”

गलका थोडा कमी झाला. थोरला पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, “हिची सावलीपण हिच्यासारखी हट्टी आहे, जाणार नाही ती.” सगळे हसले. आबा खुर्चीवरून पुढे वाकले होते. शुभांगीताई माझ्याकडे बघत होत्या — मुलीकडे नाही, माझ्याकडे. मी काय म्हणतो ते त्यांना ऐकायचं होतं. त्यांना वाटलं असणार, आता काका आबांना दाखवतील की हिला मंद का म्हणायचं नाही.

मी म्हणालो, “ऋतुजा, इतक्या जणांना दिसलं ते तुलाच कसं दिसत नाही?”

ती ओठ मिटून थांबली. म्हणाली, “मला दिसलं ते सांगितलं.”

आणि मग मी ते म्हणालो. हसतमुखाने, तिच्या डोक्यावर हात ठेवून. “बाळा, आपलं चुकलं हे मान्य करता येणं, यालाच विज्ञान म्हणतात.”

किती चांगलं वाक्य आहे, नाही? एका पालकाने तर मान डोलावली. ते वाक्य मी कुणाच्या गळ्यात बांधत होतो, हे गच्चीवर दोघांनाच ठाऊक होतं. ती एकदा ओळंब्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. दोरी सोडवली, नट खिशात टाकला आणि पोत्यावर जाऊन बसली.

निघताना आबांनी माझा हात हातात घेतला. वाईट माणूस नव्हे, तुम्ही त्यांना दोष देऊ नका. म्हणाले, तुमचा वर्ग छान आहे, पण पोरीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. घरी हेच चालतं, कुणी बोलायला नाही म्हणून हेका वाढलाय. चार मुलांत, शिस्तीत बसली की जाईल. शुभांगीताई मागे चपला घालत होत्या. एका वाक्याचं काम होतं. आबा, ती बरोबर आहे. एवढंच. मी म्हणालो, सावकाश जा, ऊन फार आहे.

तीन दिवसांनी दुपारी मी एकटाच गच्चीवर गेलो. पाईप ओळंब्याने सरळ केला — या वेळी नीट — आणि उभा राहिलो. सावली आखडत गेली, बुडाशी आली, आणि गेली. अगदी गेली. पाईप उन्हात असा उभा होता की जणू कुणी तो हवेत कापून चिकटवलाय. तुम्ही कधी पाहिलंय ते? मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मी मोठ्याने हसलो, पाईपभोवती फिरलो, खाली वाकून चारही बाजूंनी पाहिलं, आणि कुणाला तरी हाक मारावी म्हणून जिन्यापर्यंत गेलो. कुणाला मारणार? मुलांनी तर ते रविवारीच पाहिलं होतं.

फोन खिशात होता. शुभांगीताईंचा नंबर काढला. त्यांचं घर भिंगारमध्येच, गाडीवर पाच मिनिटं. पोरगी धावत आली असती. दहा मिनिटांनीही सावली इवलीशीच असते. मी तिला सगळं दाखवू शकलो असतो. नंबराकडे बघत उभा राहिलो, मग पाय भाजायला लागले म्हणून खाली आलो.

जूनमध्ये ऋतुजा शाळेत गेली.

वर्ग चालू आहे. त्याच्या पुढच्या वर्षापासून मी तारीख नगरचीच काढतो, दोनदा तपासून, आणि दर मे महिन्यात गच्ची तशीच भरते. नवी मुलं, नव्या बाटल्या, तोच गलका. मी त्यांना सांगतो, तुला दिसलं ते सांग. मला दरवर्षी तितकाच आनंद होतो. तो कमी होत नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं.

मागच्या दिवाळीत कापडबाजारात त्या मायलेकी भेटल्या. ऋतुजा आता आईएवढी उंच. अभ्यास बरा चाललाय, ताई म्हणाल्या, आता पेपर वेळेत सोडवते. मी उगाच उत्साहाने विचारलं, आता काय प्रयोग करता शाळेत? ती म्हणाली, प्रॅक्टिकल असतात. रीडिंग काय यायला पाहिजे ते मॅडम आधी सांगतात, मग आम्ही तेवढं आणतो. हे तिने साधेपणाने सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

ताई दुकानदाराशी बोलायला वळल्या तेव्हा ती जरा जवळ आली. ओठ मिटून थांबली, पूर्वीसारखीच.

“काका, त्या दिवशी गच्चीवर मी उगाच सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. माझंच चुकलं होतं. मला किती दिवस सॉरी म्हणायचं होतं.”

गर्दी होती. धक्का लागत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, असू दे गं, लहान होतीस तू. आणि तिच्या पाठीवर थोपटलं.