निवांत दर

वहिनींना धंद्यातलं काही कळत नाही, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. दादा गेल्यावर तलावाकाठचं आमचं सात खोल्यांचं लॉज आम्ही दोघं चालवायचो. दर मी ठरवायचो, चादरी आणि स्वयंपाकघर त्या बघायच्या. शाळांना सुट्ट्या लागल्या की मी दर दुप्पट करायचो, तरी खोल्या कमी पडायच्या. गर्दी ओसरून होड्या काठावर पालथ्या पडल्या की आम्हा लॉजवाल्यांच्या भाषेत ‘मंदी’ सुरू. मग चार महिने माश्या मारत बसायचं.

त्यात शेजारी मोठं हॉटेल उभं राहिलं. मंदीत त्यांनी दर असे पाडले की माझं धाबंच दणाणलं. मीही अक्कल पाजळली आणि दारावर पाटी लावली, ‘मंदीनिमित्त निम्मे दर’. एक जोडपं आलं. त्यांनी गाद्या दाबून पाहिल्या, छताकडे बघितलं, लॉज बंद पडतंय का असं विचारलं आणि शेजारच्या हॉटेलात गेले. शेवटी मी हात टेकले. हॉटेलवाले लॉज विकत मागतच होते, मी होकार कळवला. फक्त वहिनींची सही राहिली.

त्या म्हणाल्या, "भावजी, एवढी एक मंदी माझ्या हातात द्या. नाही जमलं तर म्हणाल तिथे सही करते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी पुसून ‘निवांत दर’ असं लिहिलं आणि निम्मा दर वाढवून चक्क पाऊणपट केला. मी कपाळावर हात मारला. मग त्या तक्रारवही घेऊन फोनपाशी बसल्या. ती वही मी कधी उघडूनही पाहिली नव्हती. सुट्टीत ज्यांनी ज्यांनी गोंगाटाची तक्रार लिहिली होती, त्या प्रत्येकाला वहिनींनी फोन केला. आता इथे चिटपाखरू नाही, हवं तर त्याचीही तक्रार करा, पण या, असं त्या सांगत होत्या.

आणि माणसं आली. एक निवृत्त मास्तर तीन आठवडे राहिले. ऑपरेशन झालेल्या एक बाई बहिणीला घेऊन महिनाभर राहिल्या. घासाघीस कुणी केली नाही, त्यांना शांतताच हवी होती. महिन्याभरात सातांपैकी सहा खोल्या भरल्या.

हॉटेलचा माणूस कागद घेऊन आला, तेव्हा वहिनींनी पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "शब्द तुम्ही दिलाय, भावजी. सही करू?"

मी नकारार्थी मान हलवली आणि कागद त्या माणसाला परत केला.

दादांच्या माघारी वहिनींना मीच सांभाळतो, असं मी चारचौघांत सांगत आलो होतो. तो माणूस गेल्यावर त्यांना म्हणालो, "वहिनी, इतकी वर्षं मी लोकांना उलटंच सांगत होतो."