कर्नलसाहेब कुठे होते?

जो माणूस स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही, त्याच्याबद्दल बाकीचे सगळे बोलत सुटतात. कर्नल मान्यांचे किस्से असेच साठत गेले. फतेगंजमध्ये एका बेकरीच्या माडीवर त्यांचा क्लास होता. सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांना ते तयार करत, मी त्या मुलांचं इंग्रजी सुधारत असे. साहेबांची अर्धी नोकरी गुप्तवार्ता विभागात गेलेली, अर्धी तरुण अधिकाऱ्यांना रणनीती शिकवण्यात. रिटायर होऊन बडोद्याला आले, पण तोंडाचं कुलूप काही निघालं नाही!

त्याचा खरा त्रास त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना. लग्नानंतर लगेच साहेब दोन वर्षं कुठेतरी होते. कुठे? पत्रावर पत्त्याच्या जागी नुसता एक नंबर असायचा.

"सुषमा झाली तेव्हा हे तिकडेच," वहिनी मला एकदा म्हणाल्या. "रोज दिवा लावला की ह्यांच्यासाठी हात जोडायचे. पण कुठल्या दिशेला बघून, तेच ठाऊक नव्हतं गं!"

आता सुषमाचं लग्न ठरत आलं होतं, तरी साहेबांचं उत्तर एकच. "ज्याला गरज, त्यालाच माहिती."

"आणि मला गरज नाही?"

साहेब वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत वर घ्यायचे.

*

तेव्हा नुकती केबल आली होती. घरी रंगीत टीव्ही घ्यायचा, तर साहेबांनी क्लासच्या फळ्यावर लिहिलं: उद्देश, अडचणी, पर्याय एक, दोन, तीन. मुलांना होमवर्कही तोच. दुकानदार कुठली चाल खेळेल यावर चर्चा अगदी रंगात आली असताना खाली हॉर्न वाजला. टेम्पोत टीव्हीचं खोकं, आणि खोक्याला धरून वहिनी आणि कारेलीबागेतल्या त्यांच्या शेजारीण कोकिलाबेन!

साहेबांनी खडू खाली ठेवला. "बघा मुलांनो! आपण पर्याय मोजत बसलो आणि समोरच्यानं ठाणं जिंकलंसुद्धा."

मग सगळा क्लास टीव्ही उतरवायला गेला.

*

गॅस एजन्सीत नंबर लावून साहेब आणि वहिनी बसले होते. काउंटरवरच्या भाईंनी साहेबांच्या मिशा पाहून सहज विचारलं, "फौजमां हता ने, साहेब? सौथी वधारे ठंडी क्यां वेठी?"

सगळ्यात जास्त थंडी कुठे सोसली, एवढाच प्रश्न; परक्या माणसापुढे साहेब बेसावध होते. "लग्नानंतरची पहिली दोन वर्षं. उत्तरेला!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण त्या दिवशी आम्हाला क्लासवर पेढे मिळाले. मला वाटलं, सुषमाचं जमलं! वहिनी कानात म्हणाल्या, "दिशा कळली."

*

क्लासची सहल निघाली, पण कुठे, ते गुप्त. साहेब ड्रायव्हर रमणभाईंच्या शेजारी बसून एकेक वळण सांगत होते. "डावीकडे." थोड्या वेळानं, "उजवीकडे." वाघोडिया नाक्याजवळ रमणभाईंनी बस पंपावर नेऊन उभी केली.

"साहेब, जवानुं क्यां?"

"वळण आलं की सांगतो."

"पण डीझल केटलुं भरावुं, ए तो कहो!"

साहेबांनी खूप विचार केला आणि त्यांच्या कानात सांगितलं. रमणभाई मागे वळून ओरडले, "चालो भाई, आजवा!"

साहेब अजिबात चिडले नाहीत. "लिहून घ्या," मुलांना म्हणाले, "गुपित नेहमी रसद विभागातूनच फुटतं."

आजव्याच्या बागेत जेवण झाल्यावर ते कारंज्यांजवळ सतरंजीवर आडवे झाले. "पाण्याचा आवाज असला की काय झोप लागते! तिकडे तर खिडकीखालीच नदी..." आणि साहेबांनी एकदम कूस बदलली. सहलीला आलेल्या वहिनी पुऱ्या आवरत होत्या. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

*

सुषमाच्या लग्नाआधी साहेबांनी अंगणात वाळू पसरून अख्खा हॉल मांडला. सैन्यात हल्ल्याआधी असं मॉडेल करतात म्हणे. रांगोळीचे रस्ते, विटेचं स्टेज, चहाचे कप म्हणजे स्वागताच्या तुकड्या. वऱ्हाड मुख्य दारानं येणार, म्हणून सगळे कप तिकडे.

प्रत्यक्षात वऱ्हाड तासभर आधी आलं, तेही मागच्या दारानं, थेट स्वयंपाकघरात! साहेबांनी व्याह्यांना कडक सॅल्यूट ठोकला. "मीसुद्धा असाच आलो असतो!"

व्याही खूश. त्यांनी सुक्यामेव्याचं तबक पुढे केलं. साहेबांनी एक जर्दाळू तोंडात टाकला. "छे! हा झाडावरून तोडून खावा. आमच्या अंगणात..."

"कुठल्या अंगणात?" वहिनींनी पाठीमागून विचारलं.

साहेब अक्षता शोधायला गेले.

*

त्या वर्षीच्या बॅचचा शेवटचा तास. वहिनी मुलांसाठी सुखडीच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. साहेब शिकवत होते, "पूर्ण माहिती कोणीच देत नाही. सुटे तुकडे जोडायचे असतात. कोण जोडून दाखवतो?"

मुलं वह्या चाळू लागली. वहिनींनी डबा माझ्या हातात दिला. "मी दाखवते."

भिंतीवर भारताचा मोठा नकाशा होता. त्या पुढे गेल्या. "उत्तर. कडाक्याची थंडी. खिडकीखाली नदी. अंगणात जर्दाळूचं झाड." नदीवरून बोट वर वर नेत एका वळणावर थांबल्या आणि तिथे टाचणी टोचली. कुठे, ते मी लिहिणार नाही. मीही त्याच क्लासमधली आहे!

साहेबांनी चष्मा लावला. नकाशाजवळ जाऊन बराच वेळ टाचणीकडे बघत राहिले. मग नकाशा उतरवला, नीट गुंडाळला आणि म्हणाले, "हा नकाशा आजपासून गुप्त!"

वहिनी नकाशा मांडीवर धरून स्कूटरवर मागे बसल्या. त्यांचा चेहरा बघून मलाच रडू आलं.

संध्याकाळी मी डबा परत द्यायला गेले. वहिनींनी दिवा लावला, पण देवाकडे न बघता उत्तरेकडच्या खिडकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तेव्हाचे नमस्कार पोचायचे राहिलेत," मला म्हणाल्या आणि हात जोडले.

 मग वर्तमानपत्रामागून आवाज आला,

"थोडं उजवीकडे."