बिशप होता होता राहिलेले मामा

राहूसारख्या गावात, तेही माळकरी घरात जन्माला येऊन, शेवंतीची शेती करता करता युरोपातला ख्रिस्ती साधू झालेला माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. साधू झाले ते अर्थात मोबाईलवर. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं तिकडचं एक खेडं, आणि त्यात जगभरातले लोक कुणी लोहार, कुणी सुतार, कुणी पाववाला होऊन रोज थोडं थोडं जगतात, असा तो खेळ आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मामांनी बसून करायचं काय, म्हणून मीच तो त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. पंधरा दिवसांत कंटाळतील असा माझा अंदाज होता. आता तिसरं वर्ष चालू आहे आणि मामी अजून माझ्याशी सरळ बोलत नाहीत.

त्या खेळातल्या चर्चची उतरंड मामांनी मला शेवंतीची फुलं क्रेटमध्ये भरता भरता समजावली. "पाव्हणं, सोपं हाय. पोप म्हंजी साखर कारखान्याचा चेअरमन. कार्डिनल म्हंजी संचालक मंडळ. बिशप म्हंजी आपल्या गटाचा पुढारी. पाद्री म्हंजी सोसायटीचा सचिव, चर्चची किल्ली त्याच्याकडं."

"आणि तुम्ही?"

"आमी फ्रायर. फ्रायर म्हंजी निस्ता कार्यकर्ता. अनवाणी हिंडायचं, मिळंल ते खायचं, लोकांचं आयकायचं."

यातलं अनवाणी त्यांनी इतकं मनावर घेतलंय की मोबाईल हातात घेण्याआधी ते चपला काढतात. फ्रायरच्या नावावर जमीन नसावी असाही नियम आहे. वीतभर बांधासाठी चुलतभावाशी सात वर्षं न बोललेल्या या माणसानं खेळातली दोन शेतं एका बटणावर सोडून दिली, आणि त्या दुपारी जेवण केलं नाही. "खोटी का आसंना, जमीन ती जमीन," म्हणाले.

फ्रायरचं मुख्य काम म्हणजे लोकांच्या पापांची कबुली ऐकणं आणि प्रायश्चित्त सांगणं. हा सगळा मामला अत्यंत गुप्त असतो. पण मामांना टाईप करायचा कंटाळा. ते तोंडी सांगतात, मोबाईल भाषांतर करून पाठवतो. आणि मामांचा आवाज शेताच्या या टोकावरून त्या टोकाला "मोटार बंद कर" सांगण्यात तयार झालेला. त्यामुळे तिकडच्या लोहारानं कुणाची मेंढी चोरली, हे मामांच्या आळीत सगळ्यांना ठाऊक असतं. "मेंढी परत कर, आन् वरनं चार पाव दे," हे प्रायश्चित्त मी स्वतः गोठ्याच्या पलीकडून ऐकलंय.

दर रविवारी, आपल्याकडच्या सकाळी दहाला, एक म्हातारा सुतार कबुलीला येतो. खेळात सुतार, आणि त्याच्या थंड देशातही हाडाचा सुतारच होता म्हणे. बायको वारलेली, घरात एकटा. पाप म्हणून सांगतो काय, तर काल स्वयंपाक केला नाही, ब्रेड खाऊन झोपलो. मामा त्याला चक्क रागावतात. "दोन कांदं चिरायचं, भाजी करायची, गरम गरम खायची. म्होरल्या रविवारी इचारनार हाय मी." आणि विचारतात.

मागच्या उन्हाळ्यात तिकडचे बिशप खेळ सोडून गेले आणि सगळ्यांनी मामांना बिशप करायचं ठरवलं. बिनविरोध. आता मामांचा इतिहास असा, की गावच्या सोसायटीला ते तीनदा उभे राहिले आणि तीनदा पडले. शेवटच्या वेळी एका मतानं. आणि ते मत आपलं नव्हतं, असं मामी अजून शपथेवर सांगतात. अशा माणसाच्या नशिबी बिनविरोध हा शब्द आला. मला फोन आला, "शिरूरवरनं येताना पेढं आना." फ्लेक्सही छापून झाला: फेटा बांधलेले मामा, मागे चर्च, खाली समस्त मित्रमंडळ.

मी पेढे घेऊन पोहोचलो, तर मामा ओसरीवर मोबाईल पालथा घालून बसलेले. बिशपनं शहरात राहायचं, नेमणुकांवर सह्या करायच्या, कबुली ऐकायची नाही, असा त्या खेळातला नियम. सुतारानं सकाळी अभिनंदन केलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, की मग पुढच्या रविवारी मी कुणाला सांगू?

"मग?" मी विचारलं.

"मग काय. अर्ज मागं घेतला."

मामींनी पुडा सोडला आणि पहिला पेढा मामांच्या हातावर ठेवला. त्या दिवशी मला मामींचा फार अभिमान वाटला. फ्लेक्स सध्या कडब्यावर आहे.

परवा रविवारी सहज गेलो होतो. अकरा वाजून गेले तरी मामा मोबाईल घेऊन बसलेले. सुतार सलग तिसऱ्या रविवारी आला नव्हता.

"पाव्हणं, तुमी हापिसात कामाला हाय," मामा म्हणाले, "त्यांच्या देशात एखादा मानूस यायचा थांबला, तर कुनाला इचारायचं आसतं?"

त्या सुताराचं खरं नावसुद्धा आम्हाला माहीत नाही. मला फार वाईट वाटलं आणि मी उगाच शेवंतीच्या भावाबद्दल विचारलं. त्यांनी ऐकलं नाही. मोबाईल तोंडाशी धरून ते म्हणाले, "रागवत न्हाई मी. जेवला का, तेवढं कळवा."