उत्तरेच्या शेतातली पेरणी

आर्विड ट्वाइटला वैमानिक व्हायचं होतं. पण शिकताना त्यानं विमान दोनदा जमिनीवर आपटलं, तेव्हा वायुदलानं त्याच्या हातात नकाशा आणि पेन्सिल दिली. बॉम्बफेकी विमानाला वाट दाखवायची. सस्कॅचवान प्रांतातल्या त्याच्या घरी ही बातमी आली, तेव्हा बाप हाल्वोर पोट धरून हसला.

"आपल्याकडं मैलामैलावर सरळसोट रस्ता. गायसुद्धा चुकत नाही. हा कुणाला वाट दाखवणार?"

पोरगा तसा अबोल. आठवीनंतर शाळा सोडून शेतात उतरलेला, नाचात मुलींचे पाय तुडवणारा, पण हिशेबात पक्का. एकोणीसशे त्रेचाळीसच्या सप्टेंबरात, युद्धावर जाण्याआधी, तो शेवटच्या सुट्टीवर आला. उत्तरेचे एकशे साठ एकर त्या वर्षी पड टाकले होते. जाताना तो म्हणाला, "बाबा, ते शेत मी आल्यावर पेरीन. तोवर हात लावू नका."

कोरडवाहू मुलखात जमीन वर्षाआड पड टाकतात, पण पुढच्या वसंतात ती पेरावीच लागते. नाहीतर वारा ती उचलून नेतो. हाल्वोरला हे बारशापासून ठाऊक होतं. तरी चव्वेचाळीसच्या वसंतात त्यानं ते शेत नुसतं तण काढून ठेवलं.

जूनमध्ये तार आली. विमान जर्मनीवर गेलं, परत आलं नाही. डिसेंबरात पत्र आलं, की सरकारी कामापुरतं आर्विडला मृत धरण्यात येत आहे. हाल्वोरनं 'कामापुरतं' हा शब्द धरून ठेवला. पंचेचाळीसच्या मे महिन्यात युद्ध संपलं. बाकीची शेतं पेरून झाली, उत्तरेचं तसंच राहिलं.

मग तीन दिवस वारा सुटला. चौथ्या दिवशी शेजारचा पेट्रो डुबिक दारात आला. टोपी काढली, पण आत येईना.

"हाल्वोर, तुझी माती माझ्या गव्हावर बसलीय. आधीच्या वाऱ्यातही गेला होता, दोनदा पेरला. आता बियाणं उरलं नाही."

"जर्मनीतले युद्धकैदी सुटतायत पेट्रो. आठवडाभर थांब."

"मागच्या वर्षीही थांबलोच की रे."

हाल्वोरनं दार लावायला हात घातला. तेवढ्यात त्याची बायको रग्ना चुलीजवळून म्हणाली, "उद्या पोरगा आलाच, तर त्याला काय दाखवशील? उडालेलं शेत?"

हाल्वोर जेवला नाही. पेट्रोला त्यानं आपल्या कणगीतलं बियाणं मोजायच्या भानगडीत न पडता देऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पेरणीयंत्र जोडलं. एकटाच पेरत राहिला. मध्येच डोळे भरायचे, समोरचं दिसायचं नाही, ट्रॅक्टर मात्र चालत राहायचा.

दोन आठवड्यांनी गहू उगवला आणि सगळं उघडं पडलं. रस्त्यालगतच्या ओळी मधोमध चांगल्या दहा पावलं वाकल्या होत्या. आमच्याकडं वाकडी ओळ उन्हाळाभर लपत नाही आणि गाव ती उन्हाळाभर सोडत नाही. आदल्या वर्षी खुद्द पाद्रीबुवांच्या परसातल्या बटाट्यांनाही कुणी माफी दिली नव्हती. "काय, सशामागं धावत होतास का?" हा तर ठरलेला प्रश्न.

रविवारी प्रार्थना संपल्यावर हाल्वोर चर्चबाहेर उभा राहिला. उत्तर तयार होतं, ट्रॅक्टरच्या नावावर खपवायचं. माणसं जमली. सगळी त्याच रस्त्यानं आलेली. कुणी पावसाचं बोललं, कुणी टोळांचं. पेट्रो जवळ आला, म्हणाला, "छान उगवलंय तुझं शेत."

हाल्वोर सशाच्या प्रश्नाची वाट बघत राहिला. कुणीच हसलं नाही. आर्विड येणार नाही, हे आपल्याखेरीज सगळ्यांना कधीच ठाऊक झालंय, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं.

तो ट्रकमध्ये जाऊन बसला. रग्ना आली तेव्हा तो मोठ्यानं रडत होता, आणि साताठ माणसं त्याच्याकडं पाठ करून पावसाविषयी बोलत उभी होती.