तिसऱ्या भोकापर्यंतचं पाणी

मागच्या उन्हाळ्यापासून आमच्या सोमवारच्या भजनात मृदंग वाजत नव्हता, आणि तो का वाजत नाही हे गावात सगळ्यांत नीट मला ठाऊक होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, महादेवाचं देऊळ आहे. तिथे मी गातो आणि कारूभाऊ मृदंग वाजवतात, असं वीस वर्षं चालत आलेलं. कारूभाऊ ढिवर समाजाचे, त्याच तलावात मासे धरून पोट भरणारे. ते यायचे थांबले तेव्हा लोक म्हणाले, म्हातारा रुसला. मी टाळ्यांवर भजन ओढत राहिलो. डोळे मिटले की देवाऐवजी एक वही दिसायची, म्हणून मी डोळे उघडे ठेवून गायला लागलो होतो.

ती वही तलाव समितीच्या ठरावांची. माझे वडील अंगठा करायचे. मी बी.ए. झालो तेव्हा ते गावभर सांगत फिरले, “माह्या पोराचं अक्षर पाहा, मोत्यावानी आहे!” त्या अक्षरापायीच गावाने वही माझ्याकडे दिली. आमच्याकडे सभेत आधी सह्या होतात आणि मजकूर मागून लिहितात. वर अर्धं पान कोरं सोडायचं, खाली सगळ्यांनी सह्या करून घरी जायचं, मग सचिवाने सवडीने वरची जागा भरायची. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

त्या वर्षीच्या सभेत उन्हाळी धानासाठी खालच्या बांद्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, तलावाचं सगळं पाणी सोडायचं ठरत होतं. पाणी सोडायच्या दगडी बांधकामाला आमच्याकडे तुडुम म्हणतात. त्याला एकाखाली एक चार भोकं असतात. वरचं उघडलं की वरचं पाणी जातं आणि तळचं उघडलं की तलाव रिकामा होतो. कारूभाऊ उभे राहून म्हणाले, “नाही जमत बाप्पा, माहं आयकून त घ्या.” कुणी ऐकलं नाही. गलक्यात ते बसले. पण सही त्यांनी सभा सुरू होतानाच केली होती. घरी येऊन चहा पीत मी त्या सहीच्या वर लिहिलं, “सदर ठराव सर्वानुमते मंजूर.” ती ओळ मी प्रत्येक ठरावाखाली लिहीत असे. वैशाखात तलावाच्या चिखलात अंड्यांनी भरलेल्या मोठ्या मासोळ्या उलटून पडल्या. कारूभाऊंचा मुलगा आणि सून वीटभट्टीवर निघून गेले.

त्याच वर्षी डिसेंबरात, धानाची मळणी आटोपली तेव्हा, मी शिकवतो त्या कनिष्ठ महाविद्यालयात एक पत्रक आलं. भंडाऱ्याला दोन दिवसांची कार्यशाळा होती, विषय “श्रद्धा आणि सामाजिक प्रश्न”. बोलावणारे क्वेकर पंथाचे लोक होते. हे नाव मी तोवर फक्त इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं. मूळचे ख्रिस्ती, युद्धाला विरोध करणारे, एकमेकांना ‘मित्र’ म्हणणारे, एवढंच माहीत. कुणी जायला तयार नव्हतं. मला मात्र उत्सुकता वाटली. आमचे गणिताचे सर म्हणाले, “जाऊन राहिले त जा, पन येताना नवीन नाव घेऊन येऊ नका गड्या!” स्टाफरूम हसली. मीही हसलो आणि पहाटेच्या एस.टी.ने लाखांदूरहून निघालो.

सभागृहात तीसेक माणसं गोल बसली होती. मीही एक खुर्ची धरली. व्यासपीठ नव्हतं, माईक नव्हता, हार नव्हते, दीपप्रज्वलनाची समईही नव्हती. सगळे गप्प. मला वाटलं, पाहुणे यायचे आहेत. पंख्याची पाती मोजली, पत्रक तीनदा वाचलं. शेवटी शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाईंकडे वाकून हळूच विचारलं, “कार्यक्रम कब शुरू होगा?” त्या तितक्याच हळू म्हणाल्या, “बीस मिनट हो गए, भैया.” मी कानापर्यंत लाल झालो. त्याच बाई कार्यशाळा घेणार होत्या. नर्मदेकाठच्या एका गावातल्या निवृत्त परिचारिका, सगळे त्यांना दीदी म्हणत. त्यांच्या आजोबांपासून घरात हीच उपासना होती. गप्प बसायचं, आणि आतून खरंच काही उठलं तरच उभं राहून थोडक्यात बोलायचं. नाही उठलं तर तसंच घरी जायचं.

माझे प्रश्न संपेनात. पुजारी नाही तर पूजा कोण करतं? “जो बैठा है, वही,” दीदी म्हणाल्या. मी जरा चाचरत विचारलं, गप्प बसल्यावर मी माझ्या महादेवाचं नाव घेतलं तर चालेल का? त्या हसल्या. “आपके मन में झाँकने वाली मैं कौन?” दिवसभरात तुरुंगातल्या माणसांवर, पाण्यावर, भांडणाऱ्या शेजाऱ्यांवर भाषणं झाली. मी माझी टिपणवही भरत गेलो. माझं नाव, जात, धर्म कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी आपली सभेची रीत करून दाखवली. प्रश्न साधा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुरुवात करायची का? त्यांच्यात मतदान नसतं. एक जण लिहायला बसतो, सगळ्यांना काय वाटतं ते तिथेच लिहितो, मोठ्याने वाचतो, आणि प्रत्येकाला पटलं तरच ते कायम होतं. एक सोडून सगळे ‘हो’ म्हणाले. आंधळगावच्या एक ताई, कोशाच्या रेशमाचं कापड विणणाऱ्या, म्हणाल्या, “मले नाही पटत.” का, ते त्यांना धड सांगता येईना. लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं. सगळे पुन्हा गप्प झाले.

माझे हात शिवशिवत होते. मला राहवेना. मी म्हणालो, “एकीसाठी एवढा वेळ? लिहा ना सर्वानुमते आणि मोकळे व्हा!” कुणी रागावलं नाही. दीदी म्हणाल्या, “जिसने मना किया है, हो सकता है उसी को कुछ दिखा हो।” थोड्या वेळाने त्या ताईंना शब्द सापडले. जेवल्यावर आपलं ताट धुताना त्या स्वयंपाकाच्या बायांशी बोलल्या होत्या. “सातले बसलो त नाष्टा सहाले लागन. त्या बायांले अंधारातच चार किलोमीटर पायी यावं लागन. त्यायले कोनं इचारलं का?” कुणीच विचारलं नव्हतं. नऊची वेळ ठरली, लिहिली गेली, वाचली गेली. मी मान खाली घालून बसलो होतो. माझ्या कानात दुसराच आवाज येत होता, “माहं आयकून त घ्या.”

दुसऱ्या दिवशी नऊला सगळे शांत बसले. मी मनात महादेवाचं नाव धरलं. पण ते टिकेना. मृदंगावर हात पडायच्या आधी जशी एक पोकळ जागा असते, तशी जागा छातीत उघडली. मी स्वतःला समजावत होतो की हे परके लोक आहेत, इथे तोंड उघडायची काही गरज नाही. पण पाय उभे राहिले. मी उभा राहिलो असं मला आजही म्हणवत नाही. मी एवढंच बोललो, “आमच्या गावात एक माणूस नाही म्हणाला होता. मी लिहिलं की तो हो म्हणाला. माझं अक्षर फार चांगलं आहे.” आणि बसलो. कुणी पाठीवर हात ठेवला नाही, कुणी उत्तर दिलं नाही. माझं बोलणं त्या शांततेत पडलं आणि तिने ते ठेवून घेतलं. इतकं हलकं मला कुठल्याही देवळात वाटलं नव्हतं. निघताना दीदींनी मला एकच प्रश्न विचारला, “वो रजिस्टर अभी किसके पास है?” माझ्याकडेच होतं. कपाटात, वरच्या खणात.

गावी पोचलो त्याच संध्याकाळी वही घेऊन कारूभाऊंकडे गेलो. ते ओसरीत जाळं दुरुस्त करत होते. मान न उचलता म्हणाले, “या सर. आज कायवर सही पायजे?”

मी खाली बसलो आणि तो ठराव जसाच्या तसा वाचून दाखवला. त्यांची सुई थांबली.

“मी त नाही म्हनलो होतो.”

“हो.”

“मंग काहून लिवलं?”

“सवयीनं,” मी म्हणालो. दुसरं खरं उत्तर नव्हतं.

त्यांनी वही हातात घेतली. मला वाटलं, वही फेकतील. पण ते म्हणाले, “बाकीच्यायचं काय घेऊन बसले. मले वाटलं होतं, सर पढलेले आहेत, सर त खरं लिवतीन.” हे शब्द मला आजही तसेच आठवतात. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. मग मी तो प्रश्न विचारला, जो सभेत कुणीच विचारला नव्हता. त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचं होतं? कारूभाऊंनी जाळं बाजूला ठेवलं. “पानी सोडू नका असं मी कोठी म्हनलो? तिसऱ्या भोकापावत सोडा. चवथं उघडू नका. डोहात छातीभर पानी राह्यलं त मोठ्या मासोळ्या जगतेत, पुढच्या सालचं बीज राह्यते. तुमच्या धानाले तेवढ्यानं काही होत नाही. खालच्या दोन बांद्यायले पाळी लावून पानी द्या, बस.” एवढंच. अर्ध्या मिनिटाचं बोलणं होतं, आणि ते न ऐकल्यामुळे एक तलाव मेला होता.

जानेवारीच्या सभेत मी आधी माझी चूक वाचून दाखवली. मग म्हणालो, आज ठराव इथेच लिहीन, वाचेन, आणि सह्या शेवटी होतील. त्याआधी पाच मिनिटं शांत बसू. समितीचे अध्यक्ष म्हणाले, “मौन कायले सर? कोन मेलं का?” सगळी सभा खिदळली. माझ्या तोंडून निघालं, “मासे.” हसणं हळूहळू विरलं. ती पाच मिनिटं कशीबशी तीन झाली असतील. पण नंतर कारूभाऊ उठले तेव्हा त्यांचं बोलणं पूर्ण झालं. गोष्ट तिथे मिटली नाही. खालच्या बांदीवाला एक शेतकरी म्हणाला, मले नाही पटत. मी पेन खाली ठेवलं. लोक चिडले, “आता हे किती दिवस चालन?” तीन बैठका चालल्या. तिसऱ्या बैठकीत त्याच्या बांदीची पाळी पहिली लावली आणि तो स्वतःच म्हणाला, “लिवा आता.” मी लिहिलं, वाचलं, एक वाक्य बदललं, पुन्हा वाचलं. सह्या झाल्या.

या वैशाखात डोहात छातीभर पाणी होतं. मी रोज कॉलेजला जाताना पाळीवर सायकल थांबवत असे. त्या परक्या सभागृहात मला कुणी उभं केलं, याचं उत्तर मी शोधत नाही. ज्याने केलं त्याला त्या मित्रांचं घरही चालतं आणि आमचं देऊळही, एवढं मला कळलं. आयुष्यभर मी देवापुढे चांगलं गाण्याची धडपड केली. त्याला बहुधा मी थोडा वेळ थांबावं, हातातलं पेन खाली ठेवावं, एवढंच हवं होतं. दीदींना मी पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, “मछलियों को हमारा नमस्कार।”

कारूभाऊंना भजनाला या असं मी म्हटलं नाही. तेवढं धाडस नव्हतं, आणि ते मागणं माझ्या हातचंही नव्हतं. एका सोमवारी संध्याकाळी देवळात बसलो, पेटी उघडली, पण सूर धरवेना. पाण्यावर मासा उसळल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी वही दिसली नाही. तसाच बसून राहिलो. मागे पायरीवर चपला काढल्याचा आवाज झाला, कुणीतरी कोपऱ्यातल्या मृदंगावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली, आणि ओळखीचा आवाज म्हणाला, “सुरू करा ना सर. कोनाची वाट पाहून राह्यले?”